खंडणी, ऋण आणि राजसत्ता : शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' (भाग पहिला) या नाटकातील श्रूजबरीच्या लढाईचा पुनर्विचार

प्रास्ताविक :

शेक्सपिअरच्या इतिहासनाटकांत 'चौथा हेन्री' (भाग पहिला) या नाटकाचे स्थान महत्त्वाचे आहे. १५९६-९७च्या सुमारास लिहिले गेलेले हे नाटक १५९८मध्ये छापले गेले आणि १६२३च्या नाट्यसंग्रहापूर्वीच त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. या लोकप्रियतेचे श्रेय सामान्यतः फॉलस्टाफ या विनोदी पात्रास दिले जाते. समीक्षेचा मोठा भागही फॉलस्टाफ आणि युवराज हॅल यांच्या नात्याभोवती फिरत राहिला आहे. मात्र नाटकाचा कथात्मक कणा वेगळा आहे. उत्तर इंग्लंडमधील पर्सी या बलाढ्य सरदार घराण्याने राजा चौथा हेन्री याच्याविरुद्ध केलेले बंड आणि श्रूजबरी येथील रणभूमीवर राजसैन्याने केलेला त्याचा बीमोड, हा तो कणा होय.

ही लढाई नाटकाच्या पाचव्या अंकात येते आणि बंड मोडले जाते. त्यामुळे राजसत्तेचा विजय हाच नाटकाचा निष्कर्ष आहे, असे मानण्याकडे कल दिसतो. परंतु बंडखोरांचा पराभव होणे आणि बंडखोरांचे म्हणणे खोटे ठरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पर्सी घराण्याच्या दाव्याला नाटकात उत्तर मिळते काय, हा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात नाटकातील खंडणी, ऋण व खोटे नाणे या परस्परसंबद्ध कल्पनांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

इ. स. १३९९मध्ये हद्दपारीतील हेन्री बोलिंगब्रोक हा यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर रेव्हन्स्पर येथे उतरला. आपल्या वडिलांची जप्त झालेली जहागीर परत मिळवणे एवढाच आपला हेतू असल्याचे त्याने सांगितले. नॉर्थम्बरलंडचा अर्ल हेन्री पर्सी व त्याचा पुत्र हे आपल्या फौजेसह त्याला मिळाले. काही आठवड्यांतच राजा दुसरा रिचर्ड पदच्युत झाला आणि १३ ऑक्टोबर १३९९ रोजी बोलिंगब्रोकला चौथा हेन्री म्हणून राज्याभिषेक झाला. जहागिरीसाठी आलेला माणूस राजा झाला तो प्रामुख्याने पर्सींच्या बळावर. या सेवेबद्दल पर्सी घराण्याला मोठी पदे मिळाली. स्कॉटलंडच्या सीमेचे रक्षण त्यांच्याकडेच होते. सीमेवरील धडाक्यामुळे नॉर्थम्बरलंडच्या पुत्राला 'हॉटस्पर' हे टोपणनाव मिळाले होते.

पुढील तीन वर्षांत संबंध बिघडत गेले. सीमारक्षणाचा खर्च वेळेवर मिळत नसल्याची पर्सींची तक्रार होती. २२ जून १४०२ रोजी वेल्समधील बंडखोर नेता ओवेन ग्लेंडॉवर याच्या फौजेने एडमंड मॉर्टिमर यास पकडले. मॉर्टिमर हा हॉटस्परच्या पत्नीचा भाऊ होता. त्याच्या सुटकेसाठी खंडणी देण्यास राजाने नकार दिला. त्यामागचे कारण उघड होते. मॉर्टिमर घराण्यातील एक बालक, म्हणजे या एडमंडचा पुतण्या, सिंहासनाचा हेन्रीपेक्षा जवळचा वारस मानला जात होता. १४ सप्टेंबर १४०२ रोजी होमिल्डन येथे पर्सींनी स्कॉटिश सैन्याचा मोठा पराभव करून डग्लसच्या अर्लसह अनेक सरदार कैद केले. हे कैदी आपल्या स्वाधीन करावेत अशी आज्ञा राजाने केली. युद्धकैद्याची खंडणी ही त्या काळी पकडणाऱ्याची हक्काची कमाई समजली जाई. त्यामुळे ही आज्ञा केवळ मानापमानाची बाब नव्हती.

जुलै १४०३मध्ये हॉटस्परने चेशायरमध्ये फौज उभारली. त्याचा काका वुस्टरचा अर्ल थॉमस पर्सी त्याला येऊन मिळाला. राजाने वेगाने कूच करून त्यांच्याआधी श्रूजबरी गाठले. २१ जुलै १४०३ रोजी झालेल्या या लढाईत दोन्ही बाजूंना इंग्रज तिरंदाज होते. सोळा वर्षांच्या युवराजाच्या चेहऱ्यात बाण घुसला. जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने खास तयार केलेल्या उपकरणाने बाणाचे टोक बाहेर काढले. हॉटस्पर ऐन लढाईत मारला गेला, परंतु त्याला कोणी मारले हे निश्चित नाही. दोन दिवसांनी वुस्टरचा शिरच्छेद झाला. हॉटस्परचे दफन केलेले प्रेत उकरून श्रूजबरीत लोकांना दाखवण्यात आले. तो जिवंत असल्याची अफवा पसरू नये, हा त्यामागील हेतू होता. नॉर्थम्बरलंड मात्र लढाईत नव्हता. त्याला तात्पुरती क्षमा मिळाली आणि पुन्हा बंड करून तो १४०८मध्ये ब्रॅमहॅम मूर येथे मारला गेला.

इतिहासापासून नाटकाची फारकत :

शेक्सपिअरने आपली सामग्री मुख्यतः होलिन्शेडच्या बखरीतून आणि सॅम्युएल डॅनियलच्या यादवी युद्धांवरील काव्यातून घेतली. बखरीतील एडमंड मॉर्टिमर या नावाचे दोन पुरुष एकच असल्याचा गोंधळ नाटकातही उतरला आहे. मात्र काही बदल हेतुपूर्वक केलेले आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध बदल वयाचा आहे. इतिहासातील हॉटस्परचा जन्म १३६४चा. तो राजापेक्षाही वयाने मोठा होता आणि लढाईच्या वेळी एकोणचाळीस वर्षांचा होता. नाटकात तो युवराजाच्या बरोबरीचा तरुण आहे. डॅनियलनेही त्याला तरुण केले होते. शेक्सपिअरने या समवयस्कतेवर संपूर्ण नाटकाची रचना उभारली. रणांगणातील अज्ञात हातून आलेल्या मृत्यूऐवजी नाटकात युवराज हॅल समोरासमोरच्या द्वंद्वात हॉटस्परला मारतो.

दुसऱ्या एका बदलाकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. सीमारक्षणाच्या थकलेल्या रकमेचा उल्लेख नाटकातील पर्सींच्या तक्रारींत येत नाही. चौथ्या अंकात राजदूत ब्लंट याच्यासमोर हॉटस्पर घराण्याच्या तक्रारींची यादी वाचतो. राजाने वडिलांना दरबारातून दूर केले, काकाला सल्लागार मंडळातून बाहेर काढले, दिलेली शपथ मोडली आणि मॉर्टिमरला शत्रूच्या कैदेत कुजत ठेवले, असे तो म्हणतो. पैशाची थकबाकी येथे नाही, उपकाराची थकबाकी आहे. रोख येणे असते तर ते चुकते करता आले असते. सिंहासन मिळवून दिल्याचे येणे कोणत्या चलनात चुकते करावयाचे? थकबाकी वगळल्यामुळे ऋणाची कल्पना नाटकात क्षीण होण्याऐवजी अधिक तीव्र झाली आहे.

ऋणको राजा आणि धनको सरदार :

पहिल्याच अंकात वुस्टर ही स्थिती अचूक ओळखतो. राजा स्वतःला कायमच आपला ऋणी समजत राहील, आपण असमाधानी आहोत असा त्याचा समज राहील, आणि म्हणून एक दिवस आपला हिशेब कायमचा मिटवण्याची संधी तो शोधेल, असा त्याचा युक्तिवाद आहे. यात वुस्टरचा कावेबाजपणा आहे, परंतु त्याचे विश्लेषण चुकीचे नाही. ज्याने एकदा राजा घडवला तो दुसराही घडवू शकतो, ही जाणीव राजाला स्वस्थ बसू देत नाही. धनको जवळ असणे हेच ऋणकोचे भय ठरते. बंडाचे मूळ महत्त्वाकांक्षेइतकेच या परस्परभयातही आहे.

गॅड्सहिल येथील वाटमारीचा प्रसंग या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो. फॉलस्टाफ आणि त्याचे साथीदार राजाच्या खजिन्याकडे जाणारे धन लुटतात. वेषांतर केलेले हॅल व पॉइन्स तेच धन लुटारूंकडून लुटतात. वरकरणी हा विनोदी प्रसंग १३९९च्या घटनेचे छोटे प्रतिरूप आहे. एकत्र येऊन मिळवलेली लूट एकाच्या हाती गेली की साथीदारांत वितुष्ट येते. हॅल ते धन पुढे व्याजासह परत करतो. त्याच्या पित्याला हा मार्ग उपलब्ध नाही, कारण सिंहासन परत करता येत नाही.

हॅलची भाषाही हिशेबाचीच आहे. तिसऱ्या अंकात पित्यासमोर प्रतिज्ञा करताना तो हॉटस्परला आपला अडत्या ठरवतो. हॉटस्पर आपल्या वतीने कीर्ती गोळा करीत आहे आणि वेळ येताच आपण त्याच्याकडून पै-पैचा हिशेब वसूल करू, असे तो सांगतो. राजपुत्राच्या या वाक्याने ऋणाची दिशाच उलटते. आतापर्यंत राजघराणे ऋणी होते आणि पर्सी धनको होते. आता पर्सी हाच युवराजाचा देणेकरी ठरतो. पर्सींच्या दाव्याला उत्तर देण्याऐवजी हॅल हिशेबाची वहीच बदलतो. राजसत्तेची खरी कुशलता येथे दिसते.

तीन खंडण्या :

नाटकाच्या आरंभी संघर्ष पेटतो तो मॉर्टिमरच्या खंडणीवरून. राजा ती नाकारतो आणि मॉर्टिमरला देशद्रोही ठरवतो. ही पहिली खंडणी होय.

दुसरी खंडणी विनोदाच्या आवरणाखाली येते. फॉलस्टाफला राजसैन्यासाठी भरती करण्याचा अधिकार मिळतो. तो मुद्दाम खात्यापित्या घरांतील, लग्न ठरलेल्या तरुणांना बोलावतो. ते पैसे देऊन आपली सुटका करून घेतात. त्यांच्या जागी तो दरिद्री, आजारी व निराधार माणसे घेतो. दीडशे सैनिकांच्या बदल्यात आपण तीनशेहून अधिक पौंड मिळवल्याचे तो स्वतः सांगतो. युवराजाने या माणसांच्या दशेविषयी विचारले असता, खड्डा भरण्यास तीही पुरेशी आहेत, या आशयाचे उत्तर तो देतो. लढाईत या दीडशेपैकी तीनही शिल्लक राहत नाहीत. बंड दडपणारे राजसैन्य अशा प्रकारे खंडणीवरच उभे आहे. ज्यांच्याकडे पैसा होता ते सुटले आणि ज्यांच्याकडे नव्हता ते राजाच्या विजयाची किंमत ठरले. हा हिशेब राजा आणि पर्सी यांपैकी कोणाच्याही यादीत नाही. घराण्यांच्या संघर्षात ज्यांना घराणे नाही त्यांचे काय होते, हे शेक्सपिअर एका विदूषकाच्या तोंडून सांगतो. म्हणूनच ते ऐकून हसणाऱ्या प्रेक्षकाला नंतर अवघडल्यासारखे होते.

तिसरी खंडणी शेवटच्या प्रवेशात आहे. स्कॉटिश सरदार डग्लस पकडला जातो आणि हॅल त्याला कोणतीही खंडणी न घेता मुक्त करवितो. औदार्याचे उदाहरण म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. परंतु त्याच प्रवेशात वुस्टर व व्हर्नन यांना वधस्तंभाकडे पाठविले जाते. परकीय शत्रूला क्षमा आणि स्वकीय बंडखोराला मृत्यू, असा हा न्याय आहे. इतिहासातील डग्लस लढाईनंतर काही वर्षे कैदेतच राहिला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या बदलाचे महत्त्व कळते. ज्या नाटकाची सुरुवात खंडणी नाकारण्याने झाली त्याचा शेवट खंडणी माफ करण्याने होतो. डग्लसला सोडणे राजाला परवडते, कारण डग्लसचे राजावर कोणतेही ऋण नाही.

लपविलेला निरोप :

लढाईच्या आधी राजा तडजोडीचा प्रस्ताव मांडतो. बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवल्यास सर्वांना क्षमा मिळेल, असे तो वुस्टरला सांगतो. रक्तपात टाळण्यासाठी हॅल हॉटस्परशी एकट्याने लढण्याची तयारी दाखवतो. वुस्टर छावणीत परततो आणि क्षमेचा प्रस्ताव पुतण्यापासून लपवून ठेवतो. त्याचे कारणही तो व्हर्ननला सांगतो. हॉटस्परची चूक तारुण्याच्या व रक्ताच्या उष्णतेच्या नावावर माफ होईल, परंतु वडीलधाऱ्यांवरचा संशय कधीच जाणार नाही.

या प्रसंगामुळे बंडाचे अपयश घराण्याच्या आतूनच घडते. पिता नॉर्थम्बरलंड आजारपणाचे कारण सांगून येत नाही. ग्लेंडॉवर वेळेवर पोहोचत नाही. काका खोटे बोलतो. ज्या घराण्याच्या सन्मानासाठी हॉटस्पर लढतो त्या घराण्यानेच त्याला एकटे पाडलेले असते. क्षमा उपलब्ध होती हे न कळताच तो मरतो. नाटककाराने येथे बंडखोरांचे दोष झाकलेले नाहीत. तिसऱ्या अंकातील नकाशाच्या प्रवेशात अद्याप न जिंकलेल्या राज्याचे तीन तुकडे करताना नदीच्या एका वळणावरून होणारे भांडणही त्याने दाखवले आहे. न्यायाची मागणी घेऊन निघालेले हे लोक राज्य वाटून घेण्यासही तितकेच उत्सुक आहेत.

तथापि वुस्टरच्या लपवाछपवीचा आणखी एक परिणाम संभवतो. राजाचा प्रस्ताव प्रामाणिक होता की नाही याची परीक्षाच होत नाही. जो राजा एक शपथ मोडून सिंहासनावर आला, तो ही क्षमा पाळणार होता काय? प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच रणशिंग वाजते. वुस्टरचा अपराध खरा आहे, परंतु त्या अपराधाने राजाचीही मोठी सोय झाली आहे. अखेरच्या प्रवेशात सर्व रक्तपाताचे खापर वुस्टरवर फोडणे राजाला शक्य होते आणि मूळ ऋणाचा विषय पुन्हा निघत नाही.

खोटी नाणी :

श्रूजबरीच्या रणभूमीवर राजाच्या वेषातील अनेक माणसे वावरत आहेत. ब्लंट राजाच्या वेषात डग्लसच्या हातून मरतो. राजाची सारी वस्त्रेच कापून काढण्याची प्रतिज्ञा डग्लस करतो. अखेर खरा राजा समोर येतो तेव्हाही, ही आणखी एक नक्कल असावी, अशी शंका त्याला येते. वेषधाऱ्यांची ही माहिती बखरीतील असली तरी नाटकात तिला वेगळा अर्थ प्राप्त होतो. वारसाहक्काने न आलेल्या राजाला रणभूमीवर ओळखता येत नाही. त्याचा शिक्का कोणाही अंगावर उमटवता येतो. खरे नाणे कोणते आणि खोटे कोणते, हा डग्लसचा प्रश्न प्रत्यक्षात पर्सींचाच प्रश्न आहे.

याच कल्पनेचे विडंबन फॉलस्टाफ करतो. मेल्याचे सोंग करून तो जीव वाचवतो आणि मेलेला माणूसच जीवनाची खोटी प्रतिमा असतो, असे तर्कट लढवतो. नंतर तो हॉटस्परच्या प्रेताच्या मांडीत तलवार खुपसतो, प्रेत पाठीवर घेतो आणि आपणच त्याला मारल्याचे सांगतो. हॅल हा दावा खोडून काढत नाही, उलट मित्राला लाभ होणार असेल तर आपण त्या खोट्याला मुलामा देऊ, असे म्हणतो. ज्या द्वंद्वासाठी इतिहास बदलला गेला त्याच द्वंद्वाचे श्रेय अशा रीतीने नाटकात सार्वजनिकरीत्या निश्चित होत नाही. हॉटस्परला कोणी मारले याविषयीची इतिहासातील अनिश्चितता शेक्सपिअरने एका दाराने बाहेर घालवून दुसऱ्या दाराने आत आणली आहे.

हॉटस्परचा मृत्यू मात्र विडंबनापासून दूर ठेवला आहे. प्राण गेल्याचे दुःख त्याला कमी आहे, हॅलने जिंकून घेतलेल्या मानसन्मानाचे दुःख अधिक आहे. त्याचे शेवटचे वाक्य अपुरे राहते आणि हॅल ते पूर्ण करतो. विजेत्याचे हे औदार्य हृद्य आहे. त्याच वेळी बंडखोराचे अखेरचे वाक्यदेखील राजघराण्याच्याच मुखातून पूर्ण होते, हेही दुर्लक्षिता येत नाही.

समीक्षेतील दोन भूमिका :

ई. एम. डब्ल्यू. टिलियार्ड यांनी १९४४मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात शेक्सपिअरच्या इतिहासनाटकांचा अर्थ विश्वव्यवस्थेच्या कल्पनेच्या आधारे लावला. बंड म्हणजे ईश्वरनिर्मित व्यवस्थेचा भंग आणि राजसत्तेचा विजय म्हणजे तिची पुनःस्थापना, असे या विवेचनाचे सूत्र आहे. एलिझाबेथकालीन अधिकृत विचाराशी ते जुळते. १५६९मध्ये उत्तरेकडील सरदारांनी बंड केले. त्यातील एक नेता, नॉर्थम्बरलंडचा सातवा अर्ल थॉमस पर्सी, याचा १५७२मध्ये शिरच्छेद झाला. या बंडानंतर राजद्रोहाच्या पापाविषयीचे दीर्घ प्रवचन चर्चमधून वाचले जाऊ लागले. नाटकाच्या प्रेक्षकांना पर्सी हे नाव केवळ बखरीतून माहीत नव्हते.

स्टीफन ग्रीनब्लाट यांच्या नवइतिहासवादी मांडणीने १९८०च्या दशकात या दृष्टिकोनाला छेद दिला. सत्ता स्वतःच विद्रोह निर्माण करते आणि त्याला सामावून घेऊन बळकट होते, असे त्यांनी हॅलच्या संदर्भात दाखविले. ही मांडणी अधिक सूक्ष्म आहे. तरीही दोन्ही भूमिकांत एक साम्य आढळते. दोन्ही ठिकाणी सत्ता आधी आणि विद्रोह नंतर, असा क्रम गृहीत धरला आहे. पर्सींच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. येथे विद्रोहाने सत्ता निर्माण केली आहे. १३९९चे बंडखोरच १४०३चे बंडखोर आहेत. पहिल्या वेळी ते यशस्वी झाले म्हणून राजनिष्ठ ठरले आणि दुसऱ्या वेळी हरले म्हणून राजद्रोही ठरले, एवढाच फरक आहे.

हा फरक किती नाजूक आहे याचा प्रत्यय नाट्यगृहाबाहेरही आला. ७ फेब्रुवारी १६०१ रोजी अर्ल ऑफ एसेक्सच्या समर्थकांनी जादा पैसे देऊन ग्लोब नाट्यगृहात रिचर्डच्या पदच्युतीवरील नाटकाचा प्रयोग करविला. हे नाटक शेक्सपिअरचे 'दुसरा रिचर्ड' असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. दुसऱ्याच दिवशी एसेक्सचे बंड झाले आणि फसले. प्रयोगाची मागणी करणाऱ्यांत सर चार्ल्स पर्सी हा त्याच घराण्यातील पुरुष होता. पूर्वजांनी राजा घडवल्याची कथा वंशजाला पुन्हा पाहावीशी वाटली, ही घटना पुरेशी बोलकी आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) पर्सी घराण्याचे बंड नाटकात निव्वळ अराजक म्हणून येत नाही. ते धनकोने ऋणकोविरुद्ध केलेल्या दाव्याच्या स्वरूपात येते.

२) या दाव्याला राजसत्ता उत्तर देत नाही. हॅल ऋणाची दिशा बदलतो, वुस्टरच्या असत्यामुळे राजाला मूळ प्रश्न टाळता येतो आणि रणभूमीवरील विजयाने हिशेब मिटल्याचा आभास निर्माण होतो.

३) खंडणीच्या तीन प्रसंगांतून या विजयाची किंमत कोणी मोजली हे स्पष्ट होते. ती मुख्यतः सुटकेचे पैसे नसलेल्या अनाम सैनिकांनी मोजली.

४) बंडखोरांचे आदर्शीकरण नाटककाराने केलेले नाही. स्वार्थ, अविश्वास आणि आपसांतील फसवणूक यांमुळे घराणे आतूनच फुटते.

नाटकाचा शेवटही पूर्णविरामाचा नाही. नॉर्थम्बरलंड आणि आर्चबिशप यांच्याविरुद्ध व वेल्सकडे फौजा पाठवण्याच्या आज्ञा देत राजा रंगमंचावरून जातो. दुसऱ्या भागाचा आरंभ तर हॉटस्पर विजयी झाल्याच्या खोट्या वार्तेने होतो. खऱ्या हॉटस्परचे प्रेत उकरून दाखवावे लागले होते. नाटकातील हॉटस्परही अफवेच्या रूपाने पुन्हा उठतो. मृत बंडखोर राजसत्तेला इतका अस्वस्थ करतो, कारण तो ज्या हिशेबासाठी मेला तो हिशेब अजून चुकता झालेला नसतो. श्रूजबरीच्या लढाईने राजाला राज्य राखता आले. ते राज्य कोणाच्या हातून मिळाले, या प्रश्नापासून त्याची सुटका झाली नाही.